‘चार दिवसांसाठी’ पाठवलेली मुलगी: जुना घाव लिहून काढण्याचं एक प्रकरण

आधी एक खुलासा. या प्रकरणातल्या बाई म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. समुपदेशनात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या तक्रारी, चुका आणि वळणं एकत्र बांधून हे प्रकरण उभं केलं आहे. बाईंच्या नाडीचे, झोपेचे आकडे त्या बांधणीचाच भाग समजावेत. संशोधनाचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.

तक्रार

बाई ५१ वर्षांच्या, डोंबिवलीत राहणाऱ्या, एका शाळेत लिपिक. चार महिन्यांपासून पहाटे तीन-सव्वातीनला जाग यायची, तीही दचकूनच. छातीत धडधड, घसा आवळल्यासारखा, हातपाय गार, आणि लगेच लघवीला जावंसं वाटायचं. मग तासभर पलंगावर बसून काढायचा. दिवसा फोन वाजला की पोटात गोळा. घरच्यांच्या लेखी कारण उघड होतं: मुलाचा जर्मनीचा व्हिसा आला होता आणि हॉलमध्ये उघडी सुटकेस पडली होती. बाईंना ते अर्धंच पटत होतं. मुलगा जातोय याचा आनंद खरा होता, शैक्षणिक कर्जही मंजूर झालेलं. मग एवढं घाबरं कशाचं?

हृदयाचा ईसीजी आणि टूडी इको, थायरॉईडची टीएसएच तपासणी, सगळं ठीक. हिमोग्लोबिन १०.४, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. मनातलं वहीत लिहायला घेण्याआधी या तपासण्या व्हायलाच हव्यात. थायरॉईड वाढलेलं असेल, रक्त कमी असेल किंवा हृदयाचे ठोके खरोखरच चुकत असतील, तर चार वह्या भरल्या तरी धडधड थांबणार नाही, आणि उपचाराला उशीर होईल तो वेगळाच.

डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ सांगितलं. बाईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, ‘मनातलं सगळं कागदावर उतरवा, मज्जासंस्था शांत होईल’ असा, आणि दोनशे पानी लाँगबुक आणलं.

पहिली फेरी आणि ती का फसली

लिहायची वेळ रात्री साडेदहा, भांडी आवरल्यावर. जागा पलंग, वही मांडीवर. शेवट ठरलेला नाही. कधी अकरा, कधी साडेबारा. अशा सतरा रात्रींत साठेक पानं झाली. आठवड्यातून तीनदा येणारी जाग सहा रात्रींवर गेली. सोळाव्या रात्री त्यांनी ऐंशी ओलांडलेल्या आईला फोन लावला आणि त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा जाब विचारला. आई नुसती रडली. दुसऱ्या दिवशी वही उशाखालून सरकलेली दिसली. यजमानांनी वाचली की चादर बदलताना हलली, ते कळायला मार्ग नव्हता, पण शेवटच्या रात्री लिखाणाचा सूर बदलला. ‘कोणी वाचलंच तर’ या बेताने वाक्यं येऊ लागली.

विषय होता १९८२चा. बाईंचे वडील लालबागच्या गिरणीत. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या साठहून अधिक गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार बंद झाल्यावर गिरणगावातल्या कितीतरी घरांनी बायकामुलं गावी धाडली. ही आठ वर्षांची मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत संगमेश्वर तालुक्यात आत्याकडे गेली, ‘चार दिवसांसाठी’. राहिली पाच वर्षं. धाकटा भाऊ मुंबईतच होता.

साठ पानं नजरेखालून घातली तर चूक पहिल्या दहा पानांतच दिसते. ‘मला का पाठवलं’ हे वाक्य एका पानावर नऊ वेळा आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळ्यांनी’ हे शब्द पानोपानी. एकही दिवस पुरा सांगितलेला नाही. एसटीत शेजारी कोण बसलं होतं, आत्याच्या घरी पहिल्या रात्री काय जेवण होतं, काही नाही. ‘पाठवलं’ या क्रियापदाला कर्ताही नाही. कोणी पाठवलं? बाबांनी, आईने, दोघांनी, संपाने? वाक्य कर्त्याविनाच फिरत राहतं. याला मन मोकळं करणं म्हणत नाहीत. ही खपली काढणं झालं, रोज रात्री, त्याच जागी.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर फसण्याचं कारण सरळ आहे. भीतीची आठवण जागी झाली की आपोआप चालणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेची सिंपथेटिक, म्हणजे धोक्यासाठी शरीर सज्ज करणारी बाजू कामाला लागते: नाडी चढते, स्नायू ताठतात, पोटाकडचं रक्त कमी होतं. ही चढण वाईट नाही. चढून, थोडं थांबून, पुन्हा खाली येण्यात सगळं शिकणं असतं. ‘आठवण आली, तरी आत्ता धोका नाही’ हे शरीराला तिथे कळतं. बाई चढणीच्या माथ्यावर वही मिटून आडव्या व्हायच्या. उताराला वेळच नाही. त्यात रात्रीच्या उत्तरार्धात झोप हलकी होते आणि कॉर्टिसॉल तसंही वाढू लागतं, त्यामुळे राहिलेली हूल तीनच्या सुमाराला दार ठोठावते.

हा धोका संशोधनातही नोंदलेला आहे. २०१३मध्ये ॲरिझोनातल्या संशोधकांनी नुकत्याच विभक्त झालेल्या ९० जणांवर भावना लिहिण्याचा प्रयोग केला. जी माणसं आधीच ‘असं का झालं’ या प्रश्नात गुरफटलेली होती, ती मनमोकळं लिहून अधिक त्रासात राहिली. रोजच्या साध्या गोष्टी लिहिणारी त्यांच्यापेक्षा बरी होती. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

मूळ प्रयोग जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा, १९८६ साली प्रसिद्ध झालेला: ४६ विद्यार्थी, रोज १५ मिनिटं, फक्त चार दिवस. क्लेशकारक घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचा रक्तदाब लिहून उठताना उलट वाढलेला होता, मनही उतरलेलं होतं. फायदा पुढच्या महिन्यांत दिसला, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे लिहिल्यावर तासभर जड वाटणं अपेक्षितच आहे. जड वाटणं दिवसागणिक वाढत जाणं अपेक्षित नाही. आणि २००६च्या १४६ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत हा फायदा खरा पण लहान निघाला, हेही सांगून टाकलेलं बरं. वही म्हणजे रामबाण नाही.

वहीला सुट्टी

ही फेरी फसल्यावर बाई समुपदेशनाला आल्या. पहिले दहा दिवस घावाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं तिथे ठरलं. बाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी पाळलं.

या दहा दिवसांत तीनच कामं. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं बसून मनगटावर नाडी मोजायची, तीस सेकंदांचे ठोके गुणिले दोन. सरासरी ८६ आली. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं श्वास: आत ४ सेकंद, बाहेर ६, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस हृदयाचा वेग ओढून धरते, म्हणून सोडणं लांब. नाकाने, न ओढता. खोल घ्यायच्या नादात छाती भरून घेतली तर चक्कर येते, आणि बाईंना दुसऱ्या दिवशी ती आलीच. तिसरं काम रात्रीचं: झोपण्यापूर्वी पाच मिनिटं फक्त उद्याच्या कामांची यादी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८च्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पुढच्या कामांची यादी करणारे झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. ‘दूधवाल्याचे पैसे, कॅटलॉग रजिस्टर, गॅस नोंदवणे’ इतकंच लिहायचं.

शिवाय घाबरं वाटण्याला ० ते १० गुण द्यायला शिकवलं. सुरुवातीलाच ७च्या वर असेल तर त्या दिवशी लिहायची बैठक नाही. हा नियम पुढे दोनदा कामाला आला.

बैठका

वेळ दुपारी साडेचार, शाळेतून आल्यावर, घर रिकामं असताना. जागा जेवणाचं टेबल. पाठ भिंतीला, दोन्ही पाय जमिनीवर. टायमर स्वयंपाकघरातला, किल्लीचा, २० मिनिटांचा. फोन दुसऱ्या खोलीत, कारण या बाईंच्या बाबतीत फोनची रिंग हीच धोक्याची घंटा होती. वहीऐवजी सुटे फुलस्केप कागद, एका बैठकीला चार. लिहून झाले की पाकिटात, पाकीट शाळेच्या कपाटात कुलपाखाली. वाचलं जाणार नाही याची खात्री हा सोपस्कार नाही. खात्री नसली की माणूस खोटं लिहितो. दोन बैठकांमध्ये निदान एक दिवस मोकळा. मूळ प्रयोगात सलग चार दिवस होते, पण बाईंचं शरीर उतरायला बराच वेळ घेत होतं.

पहिल्या बैठकीत एकच दिवस, क्रमाने, डोळ्यांना-कानांना जे आलं तेवढंच. ‘का’ हा शब्द त्या दिवशी बाद. त्यातल्या काही ओळी अशा उतरल्या: “पत्र्याची ट्रंक होती, निळी, बाबांनी कुलूप लावून किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. स्टँडवर उतरलो तेव्हा उजाडत होतं. आत्याने डोक्यावरून पदर घेतला होता. बाबा तिच्याशी बोलले, मग चहा प्यायले, मग परतीच्या गाडीत बसले. मी किल्ली चावत होते.” साठ पानांत जे नव्हतं ते या चार ओळींत आहे: कर्ता, जागा, हातात धरता येईल अशी वस्तू. बैठकीआधीचे गुण ४, मध्ये ६, उठताना ५.

दुसरी बैठक बिघडली. काम होतं तोच दिवस पुन्हा, पण या वेळी आतलं लिहायचं: तेव्हा अंगात काय होत होतं, काय वाटत होतं. अकराव्या मिनिटाला पेन थांबलं. बाई घाबरल्या नाहीत. उलट काहीच वाटेनासं झालं. हात जड, समोरचं धूसर, टायमर वाजलेला कळला नाही. हे सुन्न होणं धडधडीपेक्षा वेगळं आणि जास्त जपण्यासारखं. धडधड होते तेव्हा माणूस पळायच्या तयारीत असतो, सुन्नपणात शरीराने हात टेकलेले असतात. अशा वेळी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगणं चुकीचं, त्याने माणूस आणखी आत जातो. डोळे उघडे ठेवून उभं राहायचं, टाचा जमिनीवर दाबायच्या, तोंडावर गार पाणी, आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने: पंखा, कॅलेंडर, कुकर, दाराची कडी, मुलाची सुटकेस. कागद अर्धेच पाकिटात गेले. बैठक ‘पूर्ण करायची’ नसते.

चूक मात्रेची होती. तिसरी बैठक म्हणून १२ मिनिटांची केली आणि ‘मी’ काढून टाकला. ‘ती मुलगी’ लिहायचं, शेजारच्या घरातल्या मुलीबद्दल सांगावं तसं. थोडं अंतर ठेवून पाहिलं की आठवण तीच राहते, पण अंगावर येण्याचा जोर कमी होतो. बाईंनी लिहिलं, “त्या मुलीला भूक लागली होती, पण भाकरी मागायची की वाढेपर्यंत थांबायचं हे तिला माहीत नव्हतं. आपल्या घरी असं माहीत करून घ्यावं लागत नाही.” भावनेला अचूक नाव मिळणं ते हेच. इतके दिवस त्याला त्या ‘राग’ म्हणत होत्या. निघाली ती परकेपणाची लाज. समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की अमिग्डला या मेंदूतल्या भीती टिपणाऱ्या भागाची खळबळ कमी होते, हे २००७मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रात मेंदूच्या स्कॅनवर दिसलेलं आहे. नुसतं ‘वाईट वाटलं’ लिहून भागत नाही.

चौथ्या बैठकीत ‘कारण’ आलं. त्याआधी एक गृहपाठ होता: आईला भरदिवसा फोन करून एकच माहितीचा प्रश्न विचारायचा, जाब नाही. बाईंनी विचारलं, “आई, तेव्हा घर कशावर चालत होतं गं?” आई अर्धा तास बोलली. वाण्याची उधारी, पापड लाटायला जाणं, मंगळसूत्रातल्या दोन वाट्या मोडणं. भाऊ अंगावर पीत होता, म्हणून तो आईजवळ राहिला. हे बाईंना त्रेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हिशेबात तो मुलगा म्हणून राहिला होता.

त्या दिवशीच्या कागदावर ‘पाठवलं’ला कर्ता मिळाला: “आईबाबांनी मला आत्याकडे ठेवलं, कारण दोन मुलांचं दूध होत नव्हतं.” पण बैठकीचा खरा माल पुढे होता. बाई एसटीचा दिवस हाच घाव धरून बसल्या होत्या. लिहिता लिहिता जून उजाडला. पोस्टमनने कार्ड आणलं, आत्याने ते ओट्यावर काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, “पोरीला तिकडच्याच शाळेत घाला.” मुलगी आत भांडी लावत होती. तिला कोणी सांगितलं नाही, तिने ऐकलं. चार दिवस संपले ते तिथे. जाण्याचं दुःख एक, आणि आपल्या जन्माचा निर्णय दुसऱ्याच्या तोंडून, पाठमोऱ्याने ऐकायला लागणं हे दुसरं. बातमी बाहेरून येते आणि पायाखालची फरशी निघते, हा धडा शरीराने तेव्हा घेतला असावा. फोनच्या रिंगचं कोडं इथे थोडं सुटतं. मुलाच्या व्हिसाची बातमीही फोनवरच आली होती. याला पुरावा म्हणता येणार नाही, पण बाईंच्या अंगाला तो जोड पटला. कागद ठेवताना गुण ३ होते.

इथे एक सावधगिरी. ‘कारण’ सापडणं म्हणजे माफ करणं नाही. बाईंना तसं सुचवलंही नाही. आईला पर्याय नव्हता हे खरं, आणि मुलीला एक शब्द सांगता आला असता हेही खरं. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर राहू शकतात.

पाचवी बैठक आजची होती: हॉलमधली सुटकेस आणि ती निळी ट्रंक यांत काय सारखं, काय वेगळं. मुलगा स्वतः ठरवून चाललाय, त्याला तारीख माहीत आहे, त्याची किल्ली त्याच्याकडे आहे. सुरुवात, मध्य आणि आजपर्यंतचा शेवट अशी सांगोपांग गोष्ट होणं इथे महत्त्वाचं ठरतं. विभक्त झालेल्या १०९ जणांवरचा २०१७चा अभ्यास नेमकं हेच सांगतो: ज्यांनी घटनेची क्रमवार गोष्ट लिहिली, त्यांची नाडी साडेसात महिन्यांनी इतरांपेक्षा संथ होती आणि ठोक्यांमधली लवचीकता जास्त. नुसत्या भावना ओतणाऱ्यांना तो लाभ दिसला नाही.

प्रत्येक बैठकीनंतरची दहा मिनिटं बैठकीइतकीच मोलाची. टायमर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. मग तीन ओळी: आजची तारीख आणि वार, मी कुठे बसले आहे, आता उठून काय करणार. मग श्वासाच्या दहा फेऱ्या, आणि चालत भाजी आणायला. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ४८ तास फोन नाही, मेसेज नाही. पहिल्या फेरीतला रात्रीचा तो फोन या एका नियमाने टळला असता.

सहा आठवड्यांनी

पहाटेची जाग आठवड्यातून दोनदा, आणि आली तरी वीस मिनिटांत झोप. सकाळची नाडी ७८. आईशी बोलणं पुन्हा सुरू, थोडं अवघडलेलं. मुलगा गेल्यावर तीन रात्री पुन्हा वाईट गेल्या, चौथ्या रात्री ओसरल्या. यातलं किती कागदाचं श्रेय, किती लोहाच्या गोळ्यांचं, किती रोजच्या चालण्याचं, ते वेगळं काढता येत नाही.

असं एकट्याने करू नये अशीही माणसं आहेत. जीव द्यायचे विचार येत असतील, घरात आजही मारहाण चालू असेल, दारूशिवाय झोप लागत नसेल, भास होत असतील किंवा सुन्नपणा तासन्‌तास टिकत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. अपघात, बलात्कार, हिंसा यांनंतरच्या पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकारासाठी, लिहिण्याचीच एक रीतसर उपचारपद्धती आहे: थेरपिस्टच्या देखरेखीखाली पाच सत्रं, दर सत्रात ३० मिनिटं लेखन. २०१८मध्ये १२६ रुग्णांवर तिची तुलना बारा सत्रांच्या प्रस्थापित उपचाराशी झाली. गुण साधारण तेवढाच आला आणि उपचार अर्धवट सोडणारे खूपच कमी निघाले. बोलायला लगेच कोणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.

फोनचं दचकणं मात्र पुरतं गेलेलं नाही. त्यावर सध्या दुसरं काम चालू आहे: रिंगटोन बदलली, दिवसातून तीनदा ती मुद्दाम वाजवून नाडी उतरेपर्यंत बसायचं. आणि मुलाला सांगून ठेवलंय, आधी ‘सगळं ठीक, फोन करू का’ एवढा मेसेज टाक, मग कर. तो बहुतेक वेळा विसरतो.